चाळीस जणांचा कोरस आणि एक खुन्नस

पाटीवर 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहिलेलं दिसलं की मी समजून जातो, इथे वाटण्या झाल्यात. 'मूळ', 'जुने', 'सुप्रसिद्ध' असले शब्द दुकानाच्या नावाआधी उगाच लागत नाहीत, दोनशे पावलांवर दुसऱ्या भावाचं त्याच आडनावाचं दुकान असतं आणि दोघांच्या बायका लग्नाच्या पंगतीत एकमेकींना पाठ करून बसतात. आज ज्या अल्बमबद्दल लिहितोय तो असल्याच एका भाऊबंदकीतून निघालाय. फक्त भांडण आमच्या सांगलीतलं नाही, इंग्लंडातल्या लीड्सच्या लोकांचं आहे, आणि दुकान म्हणजे एक बँड आहे. द सिस्टर्स ऑफ मर्सी. अल्बमचं नाव फ्लडलँड, साल १९८७.

मला हा अल्बम मिळाला २००३ मध्ये, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, रूममेटच्या कॉम्प्युटरवर 'काळं' नावाचा एक फोल्डर होता (आत काय असेल असं जे तुम्हाला वाटलं तेच मलाही वाटलेलं) आणि त्यात नुसती गाणी, सगळी इंग्लंडची, सगळी ऐंशीच्या दशकातली, सगळी अशी की जणू लोडशेडिंग चालू असताना रेकॉर्ड केलीत. त्याला गॉथिक रॉक म्हणतात हे नंतर कळलं. सत्तरचं दशक संपता संपता पंक थंडावल्यावर तिकडे काही पोरांनी काळे कपडे, खर्जातला आवाज, पुढे रेटलेला बेस (म्हणजे जाड सुरांची गिटार) आणि लांबून घुमत येणारी गिटार असं एक रसायन केलं, त्याचं हे नाव. सिस्टर्सचा म्होरक्या अँड्र्यू एल्ड्रिच, त्याला स्वतःला गॉथ म्हटलेलं अजिबात चालत नाही, तो म्हणतो आम्ही साधा रॉक अँड रोल बँड. आता रात्रीसुद्धा काळा गॉगल लावून, स्टेजवर इतका धूर सोडून की पहिल्या रांगेतल्यालाही धड कोणी दिसू नये, असं म्हणायचं म्हणजे कमालच आहे. पण असो, त्याचं त्याला.

नावाचा घरी एक घोळ झाला होता तो सांगतो. आमच्याकडे मिरजेत मिशन हॉस्पिटल, त्यामुळे सिस्टर म्हणजे नर्स आणि मिशन म्हणजे दवाखाना हे पाचवीलाच पुजलेलं. सुट्टीत घरी सीडी आणली तर आई म्हणाली, ही प्रार्थनेची गाणी आहेत का रे? तसं ती पूर्ण चुकली नव्हती, कॅथलिक नन्सचा या नावाचा एक संघ खरंच आहे, पण बँडने नाव उचललं लेनर्ड कोहेन या कॅनडाच्या कवी-गायकाच्या गाण्यावरून. आणि पुढे हा बँड फुटून जो दुसरा झाला त्याचं नाव काय, तर द मिशन! आईला मी दोन्ही नावं सांगितल्यावर तिचं ठाम मत झालं की ही सगळी भानगड हॉस्पिटलातली आहे.

तर भानगड अशी.

बँड लीड्समध्ये १९८० साली सुरू झाला, एल्ड्रिच आणि गॅरी मार्क्स या दोघांनी काढला. एल्ड्रिच म्हणजे शिकलेला माणूस, ऑक्सफर्डला फ्रेंच-जर्मन साहित्य, मग लीड्सला येऊन चायनीज, आणि दोन्ही अर्धवट सोडून बँड. पुढे बेसवर क्रेग अ‍ॅडम्स आला, मग गिटारवर वेन हसी. १९८५ च्या मार्चमध्ये पहिला अल्बम आला आणि तो येईपर्यंत आत सगळं नासलं होतं, मार्क्स लगेच बाहेर पडला, जूनमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला शो केला तो या जमावाचा शेवटचा. मग दुसऱ्या अल्बमची तयारी सुरू झाली आणि त्यात आधी अ‍ॅडम्स उठला, पाठोपाठ हसी. आता प्रश्न नावाचा. एल्ड्रिचच्या म्हणण्यानुसार ठरलं होतं की सिस्टर्स हे नाव कोणीच वापरायचं नाही. पण हसी आणि अ‍ॅडम्सने नवीन बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं द सिस्टरहूड. म्हणजे 'मूळ'ही नाही आणि 'नवीन'ही नाही, गिऱ्हाइकाचा गोंधळ व्हावा इतपत जवळचं. हे आपल्याकडे कुठल्याही मिसळवाल्याला विचारा, तो एका सेकंदात ओळखेल काय डाव आहे ते.

एल्ड्रिचने कोर्टात जायचं सोडून काय केलं, तर घाईघाईने एक सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, रेकॉर्ड करून १९८६ च्या सुरुवातीलाच बाजारात आणली, गायलीही स्वतः नाही, जेम्स रे नावाच्या दुसऱ्याच माणसाला गायला लावली, आणि बँडचं नाव छापलं द सिस्टरहूड. पहिला ज्याने छापला त्याचा ट्रेडमार्क! हसीच्या बँडला नाव बदलावं लागलं आणि ते द मिशन झाले. एवढ्यावर थांबेल तो एल्ड्रिच कसला, त्याच नावाने त्याने अख्खा अल्बमही काढला, नाव गिफ्ट. इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष. ज्याने जर्मन साहित्य वाचलंय त्याला हे माहीत नव्हतं असं होईल का? आणि त्या अल्बमच्या सुरुवातीला एक बाई थंड आवाजात आकडे वाचते, दोन, पाच, शून्य, शून्य, शून्य. २५,००० पौंड, या नावाच्या झगड्यात अडकलेले पैसे, ते एल्ड्रिचच्या पारड्यात पडले आणि ते त्याने रेकॉर्डवर वाचून दाखवले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच टाळ्या वाजवून हसलो होतो. वाटणीचे पैसे मोजून दाखवणारी माणसं पाहिलीत मी, पण मोजलेला आवाज रेकॉर्ड करून विकणारा हा एकच.

माझ्या घरी पण हे झालेलं आहे म्हणून मला याचं इतकं. आजोबांची छापखान्याची प्रेस होती, ट्रेडल मशीन, खिळ्यांचं कंपोझिंग, लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं. १९९८ ला अण्णा आणि काका वेगळे झाले. नाव काकांकडे गेलं कारण जागा काकांकडे गेली, अण्णांनी दोन गल्ल्या सोडून नवीन नावाने ऑफसेट टाकली. अण्णा एकही शब्द बोलले नाहीत, ना कोणाला शिव्या, ना पाटीवर 'मूळ'. मला तेव्हा त्याचा राग यायचा, सतरा-अठरा वर्षांच्या पोराला बापाने भांडावं असं वाटतं. त्यामुळे पाच वर्षांनी हॉस्टेलवर हा गॉगलवाला भेटला तेव्हा मला तो भलताच आवडला, कारण हा भांडत होता.

आता अल्बमवर येतो.

वेगळं झाल्यावर एल्ड्रिचने मुक्काम हलवला हॅम्बर्गला, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत. १९८६ च्या एप्रिलला चेर्नोबिल झालं, किरणोत्सारी ढग वाऱ्याबरोबर युरोपभर फिरले, जिथे पाऊस पडला तिथे ते खाली उतरलं. जर्मनीतली माणसं पावसाला घाबरत होती. त्यात तो देश म्हणजे अमेरिकेची क्षेपणास्त्रं आणि रशियाची क्षेपणास्त्रं यांच्या बरोबर मधला. अल्बमचं पहिलं गाणं 'डॉमिनियन / मदर रशिया' यातूनच आलंय. त्याचं डोकं बघा कसं चालतं, सगळे चेर्नोबिलवर हळहळत असताना हा म्हणतो युरोप अमेरिकेला विकला गेलाय, आणि त्याच्या डोळ्यांपुढे येतात आपापल्या चाकांवरच्या घरांत अंग चोरून बसलेले अमेरिकन आणि त्यांच्यावर पावसासारखी कोसळणारी मदर रशिया. सात मिनिटांचं गाणं आहे, सुरुवातीला घोडदौड केल्यासारखं निघतं आणि शेवटाकडे सामुदायिक प्रार्थना होते. एकच तक्रार, त्यात सॅक्सोफोन आहे. ऐंशीच्या दशकात सॅक्सोफोन म्हणजे आपल्याकडच्या भाजीवर कोथिंबीर, कशावरही घालायचा. मी वीस वर्षं तो सॅक्सोफोन सहन करतोय.

याचा व्हिडिओ जॉर्डनमध्ये, पेट्राला शूट केला, ते डोंगरात कोरलेलं गुलाबी शहर. सिनेमातला इंडियाना जोन्स तिथे घोड्यावर पोचला तो १९८९ मध्ये, हे लोक त्याच्या आधी जाऊन आले. सिंगलच्या मागच्या बाजूला 'ओझिमँडियस' नावाचा ट्रॅक, शेलीच्या कवितेतला तो राजा, ज्याच्या पुतळ्याचे वाळवंटात फक्त दोन पाय आणि फुटका चेहरा उरलाय. आणि तो ट्रॅक म्हणजे काय, तर हेच गाणं उलटं वाजवलेलं. साम्राज्याचं गाणं उलटं केलं की वाळू. हे असलं काही त्याने कधी नीट समजावून सांगितलेलं नाही, तुम्हाला कळलं तर कळलं.

अल्बमभर पाणी आहे. नावच पूरभूमी, दोन गाणी 'फ्लड १' आणि 'फ्लड २'. हॅम्बर्ग बंदराचं शहर, एल्बे नदी, आणि १९६२ च्या फेब्रुवारीत वादळाने समुद्राचं पाणी नदीतून उलटं शहरात घुसलं होतं, ३१५ माणसं गेली. एल्ड्रिचच्या डोक्यात ते होतं असं मी म्हणत नाही, त्याच्या गाण्यातला पूर जास्त करून बाईचा, वासनेचा आणि अणुबॉम्बचा आहे. पण पूर आलेल्या गावात राहणाऱ्याला कुठल्याही भिंतीवरची पाण्याची रेघ दिसते ना, तसं मला ते दिसतं. २००५ ला मी हे ऐकत होतो तेव्हा घरी पाणी आलेलं, आणि २०१९ ला तर काय, आमच्याकडे पावसाळ्यात नमस्कार-चमत्काराच्या ऐवजी 'आयर्विनला किती?' विचारतात, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय, पंचेचाळीस फुटाला धोक्याची पातळी आणि त्या ऑगस्टमध्ये ती सत्तावन्नच्या वर गेली. अण्णांच्या प्रेसमध्ये कागदाची रिमं फुगून पावासारखी झाली होती. त्यानंतर 'फ्लड १' मी जवळजवळ दोन वर्षं लावलं नाही. गाण्याचा काही दोष नाही, त्यातलं पाणी फार सुंदर आहे आणि पाणी सुंदर नसतं, त्याला वास असतो, एवढंच.

तिसरं 'लुक्रेशिया माय रिफ्लेक्शन'. ज्याने या बँडचं काहीच ऐकलं नाहीये त्याने इथून सुरू करा. बेसची एक ओळ आहे, चार-पाच मिनिटं तीच, जरासुद्धा हलत नाही, आणि तिच्यावर सगळा डोलारा उभा. मी मिरजेच्या बाजूचा, तंबोरे बनताना बघत मोठा झालेला, मला हे लगेच पटलं, खाली एक गोष्ट न थांबता चालू ठेवा, मग वर काहीही करा. लुक्रेशिया म्हणजे लुक्रेशिया बोर्जिया, पंधराव्या-सोळाव्या शतकातली इटलीची, पोपची पोरगी, विषप्रयोगाच्या दंतकथा जिच्या नावावर आहेत ती. आणि गाण्यातली लुक्रेशिया म्हणजे पॅट्रिशिया मॉरिसन. ती अमेरिकन, आधी गन क्लब बँडमध्ये बेस वाजवायची, गिफ्टवर ते आकडे वाचणारी बाई हीच. भांडणानंतर बँडमध्ये माणसं उरली दोन, एल्ड्रिच आणि ही. उंच, काळाभोर केसांचा ढीग, व्हिडिओत ती नुसती उभी राहिली तरी कॅमेरा एल्ड्रिचला विसरतो.

आणि हो, या गाण्याचा व्हिडिओ चक्क भारतात शूट झालाय! मला हे २०१० च्या आसपास यूट्यूबवर बघताना समजलं, जुना कारखाना, अवजड यंत्रं, आणि मध्ये हे दोघं काळे कपडे घालून. गाणं साम्राज्य कोसळण्याबद्दल, आणि इंग्रज त्याचा व्हिडिओ करायला कुठे आले तर इथे. यातला विनोद एल्ड्रिचला कळला नसेल असं मला वाटत नाही. मला त्या काळ्या कपड्यांचीच जास्त काळजी वाटली, आपल्याकडचा उकाडा आणि ते लेदर.

पहिली बाजू संपते '१९५९' वर. फक्त पियानो आणि आवाज. बाकी काही नाही, ड्रम नाही, बेस नाही, गॉगलसुद्धा काढून ठेवलाय असं वाटतं. १९५९ हे एल्ड्रिचचं जन्मसाल. निरागसपणा जन्मतः येतो का, रक्तातून येतो का, असं काहीतरी तो स्वतःला किंवा कोणालातरी विचारत राहतो. हॉस्टेलवर आम्ही हे गाणं पुढे ढकलायचो. वीस वर्षांच्या पोरांना पियानो म्हणजे चर्च.

आणि मग 'धिस कोरोजन'.

याचं काय सांगू. गाणं अकरा मिनिटांना पाचेक सेकंद कमी. सुरुवातीलाच कोरस, न्यूयॉर्क कोरल सोसायटीचे चाळीस गाणारे, खऱ्या चर्चमध्ये गावं तसं, आणि त्यांच्यावर धाडकन ड्रम. प्रोड्यूसर जिम स्टाइनमन. हा माणूस म्हणजे मीट लोफचा 'बॅट आउट ऑफ हेल' आणि बॉनी टायलरचं 'टोटल इक्लिप्स ऑफ द हार्ट' ज्याने लिहिलं तो, याच्या हातात चहा दिला तर तो समारंभपूर्वक तोफांच्या सलामीत पिईल. एल्ड्रिचला बोर्जिया घराण्याने ठेवलेली डिस्को पार्टी वाटेल असं गाणं हवं होतं (लुक्रेशियाचं माहेर हो, तेच). आणि दुसरा हेतू अगदी व्यावहारिक, एल्ड्रिचने मागितले तर रेकॉर्ड कंपनी चाळीस माणसांच्या कोरसला पैसे देईना, स्टाइनमनने मागितले की देते. आपल्याकडे नाही का, मुलगा मागतो तेव्हा नाही आणि जावयाने मागितलं की लगेच चेकबुक.

पण गाणं कशाबद्दल आहे? वेन हसीबद्दल. अकरा मिनिटं, चाळीस माणसं, अटलांटिक ओलांडून जाऊन केलेला खर्च, सगळा जुन्या पार्टनरची टिंगल करायला. गाण्यातले शब्द मुद्दाम हसी लिहितो तसे, भारदस्त वाटणारे आणि अर्थ विचारला तर हाताला न लागणारे, असे लिहिलेत, म्हणजे जणू सगळं गाणं अवतरणचिन्हात आहे. गंमत अशी की निम्म्या जगाला हे माहीतच नाही, लोकं हात वर करून भक्तिभावाने गातात. कोणाची तरी नक्कल म्हणून रचलेलं भजन लोकांनी खरं भजन म्हणून म्हणावं तसं. आणि ते चाललं! ब्रिटनच्या चार्टात सातव्या नंबरला गेलं, या बँडचा तोवरचा सगळ्यात मोठा हिट, पाठोपाठ 'डॉमिनियन' तेराव्यावर, 'लुक्रेशिया' विसाव्यावर आणि अल्बम नवव्यावर. शिव्या देऊन इतके पैसे मिळत असतील तर शांत बसणारा वेडाच म्हणायचा, असं मला तेव्हा वाटायचं.

आता तुम्ही म्हणाल ड्रमर कोण. कोणी नाही. अगदी पहिल्या सिंगलवर एल्ड्रिचने स्वतः ड्रम वाजवले होते, त्यानंतर कोणीच नाही. मशीन आहे, आणि तिचं नाव डॉक्टर अ‍ॅव्हलांश. सुरुवातीचं मशीन 'डॉक्टर ऱ्हिदम' मॉडेलचं होतं तिथून डॉक्टर चिकटलं, नंतर मशीनं बदलत गेली पण डॉक्टर तोच, रेकॉर्डवर त्याचं नाव बँडच्या मेंबरसारखं छापतात. पार्टनर येतात, भांडतात, जातात, डॉक्टर मात्र १९८१ पासून आजपर्यंत बँड सोडून गेलेला नाही, त्याला वाटणी नको, चहा नको. फ्लडलँडमध्ये त्याचा आवाज भलताच मोठा केलाय, पहिल्या अल्बममध्ये तो टेबलावर बोटं आपटल्यासारखा वाजतो, इथे गोदामाचं शटर पाडल्यासारखा.

दुसऱ्या बाजूचं फार लिहीत नाही. 'फ्लड २' मला कधी पहिल्याइतकं लागलं नाही, लांबतं. 'ड्रिव्हन लाइक द स्नो' मात्र अल्बममधलं सगळ्यात कमी बोललं जाणारं आणि माझ्या मते सगळ्यात चांगलं गाणं, आरडाओरडा नाही, कोणाचा सूड नाही, बर्फ पडतंय आणि कोणीतरी निघून गेलंय, बस. शेवटचं 'नेव्हर लँड' फक्त एक तुकडा आहे, शीर्षकातच तसं लिहिलंय, पावणेतीन मिनिटांत अल्बम विरून जातो.

पुढे काय झालं ते या अल्बमपेक्षाही मजेशीर आहे. फ्लडलँडची टूर झालीच नाही. १९८५ नंतर हा बँड थेट १९९० ला स्टेजवर चढला आणि तोपर्यंत पॅट्रिशिया गेलेली होती, म्हणजे ती सिस्टर्सबरोबर एकदाही लोकांसमोर वाजली नाही. तिने रेकॉर्डवर किती वाजवलं यावरून नंतर एल्ड्रिच वाट्टेल ते बोलला आणि तिथे माझं त्याच्यावरचं प्रेम पहिल्यांदा जरा पातळ झालं. हसीशी भांडला ते ठीक, तो बरोबरीचा गडी. जी पडत्या काळात एकटी बरोबर होती तिच्याशी पण तेच? १९९० ला तिसरा अल्बम आला, व्हिजन थिंग. मग रेकॉर्ड कंपनीशी बिनसलं, साहेब चक्क संपावर गेले, आणि करारातून सुटायला शेवटी १९९७ मध्ये दुसऱ्याच नावाने काहीतरी रटाळ टेक्नो करून कंपनीच्या गळ्यात मारलं. सिस्टर्सचा स्टुडिओ अल्बम १९९० नंतर आजतागायत आलेला नाही. टूर करतात, नवीन गाणी स्टेजवर म्हणतातसुद्धा, पण रेकॉर्ड नाही.

आणि मिशन? ज्यांच्याकडून नाव गेलं ते? ते अल्बम काढतायत. मध्ये फुटले, परत जमले, परत काढले. मला ते विशेष आवडत नाहीत, खरं सांगतो, पण काढतायत.

आमच्या काकांनी आजोबांच्या नावाची प्रेस २०११ ला बंद केली, पाटी अजून आहे, खाली मोबाईलचं दुकान भाड्याने दिलंय. अण्णांची ऑफसेट पुरानंतरही उभी राहिली, आता लग्नपत्रिका कोणी छापत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, पण बिलबुकं आणि औषधांचे खोके चालू आहेत.

मागच्या वर्षी अण्णांना डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्याला घेऊन निघालो होतो. पहाटे निघालो, कराड मागे पडेपर्यंत त्यांचं आवडीचं नाट्यसंगीत झालं आणि मग ते म्हणाले, "तुझं काय ते लाव, मी झोपतो." मी लावलं फ्लडलँड, आवाज कमी ठेवून. ते काही झोपले नाहीत. दोन गाण्यांनंतर म्हणाले,

"हा वाजवणारा दमत नाही का रे?"

"माणूस नाहीये अण्णा, मशीन आहे."

"वाटलंच. ट्रेडलसारखं चाललंय. ठोका चुकत नाही." मग जरा वेळाने, "ट्रेडलचा पण चुकायचा, तेल कमी पडलं की."

मग गाडीच्या स्क्रीनवर आकडा आला, १९५९, पियानो सुरू झाला. बाकी नावं इंग्रजीत, चष्म्याशिवाय त्यांना दिसत नव्हती, पण आकडा मोठा होता. ते गप्प बसून ऐकत होते. मग 'धिस कोरोजन' चालू झालं, चाळीस जण एकदम ओरडले आणि ते दचकून सीटवर सरळ झाले.

"हे काय?"

म्हटलं, याचा पार्टनर होता तो सोडून गेला, नावावरून भांडण झालं, त्याच्यावर गाणं केलंय. अकरा मिनिटांचं आहे.

"अकरा मिनिटं?" अण्णा म्हणाले. सातारा येईपर्यंत ऐकलं त्यांनी, मध्ये एकदा कोरस परत आला तेव्हा "झालं की आता" असं खिडकीकडे बघत म्हणाले, मला की एल्ड्रिचला ते कळलं नाही.

गाणं संपल्यावर विचारलं, "आधी ते पेटीसारखं होतं, नुसता आकडा लिहिलेलं. ते काय होतं?"

"पियानो. गाणाऱ्याचं जन्मसाल आहे ते."

"तुझ्या काकाचं पण एकोणसाठच," अण्णा म्हणाले. पुढे खंबाटकीचा बोगदा यायचा होता, रेंज जाणार होती. "ते लाव परत."